दंतरोपणांचे स्प्लिंटिंग

जबड्याच्या हाडात शेजारीशेजारी बसवलेल्या दोन किंवा अधिक इम्प्लांटवरचे (कृत्रिम मुळांवरचे) दात एकसंध जोडण्याची पद्धत. वरच्या दाढांचे मऊ हाड, आखूड इम्प्लांट आणि आधाराबाहेर झुलता ठेवलेला दात, या स्थितींत तिचा वापर विशेष होतो.

सोन्याच्या तारेने जोडलेल्या दोन दाढा पुरातत्त्वज्ञ हर्मान युंकर यांना १९१४ मध्ये इजिप्तमधील गीझा येथे सापडल्या. काहींनी तो इ. स. पू. सुमारे २५०० मधील उपचार मानला. दाढा जबड्यापासून सुट्या मिळाल्याने तो ताईत असावा किंवा दफनविधीचा भाग असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. इम्प्लांटपुरते बोलायचे तर ब्रोनमार्क यांनी १९६५ मध्ये स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे उपचार सुरू केले. त्यांच्या पद्धतीत पूर्ण जबड्याचा पूल (कृत्रिम दातांची सलग रांग) आरंभापासून जोडलेलाच असे.

जोडकाम हाडावर ताण न देता बसले पाहिजे. जोडकाम व इम्प्लांट यांच्यात किती फट चालेल, यावर एकमत नाही : ब्रोनमार्क (१९८३) १० मायक्रोमीटर म्हणतात, तर दुसरे संशोधक येम्ट (१९९१) १५०. दोन्ही आकडे अनुभवाधारित असल्याने प्रत्यक्ष चाचणीवर भर देणे बरे. माप घेताना इम्प्लांटवरचे कोपिंग (मापासाठी बसवलेल्या टोप्या) रेझिनने, म्हणजे घट्ट होणाऱ्या प्लास्टिकने, जोडतात. रेझिन घट्ट होताना आकसते, म्हणून तो जोड चकतीने कापून थोड्या ताज्या रेझिनने पुन्हा सांधतात. प्रयोगशाळेतून पुलाचा सांगाडा आल्यावर एका टोकाचा एकच स्क्रू आवळून दुसऱ्या टोकाला फट पडते का, ते एक्स-रेवर पाहतात. फट दिसली तर सांगाडा कापून पुन्हा जोडावा. स्क्रूच्या जोराने ती मिटवू नये. स्क्रूची अंतिम आवळणी बहुधा ३०–३५ न्यूटन-सेंटीमीटर (कंपनीनुसार बदल), आणि दहाएक मिनिटांनी पुन्हा तेवढीच.

नैसर्गिक दाताशी सहसा जोडत नाहीत. दात सूक्ष्म हलतो, इम्प्लांट जवळजवळ हलत नाही, आणि कालांतराने दात हाडात खाली दबू शकतो.

टिकाऊपणा : दहा वर्षांनी सुमारे ९५ टक्के इम्प्लांट जागेवर असतात. एकत्रित आढाव्यांत जोडलेल्यांचे अपयश काहीसे कमी दिसते, पण हाडाच्या झिजेत ठळक फरक नाही. मोठा धोका वेगळाच आहे. एक स्क्रू सैल झाला किंवा एक इम्प्लांट निकामी झाले तरी शेजारचा आधार पूल स्थिर ठेवतो. रुग्णाला हालचाल जाणवत नाही, आणि वास, पू किंवा हिरडीतून रक्त दिसेपर्यंत हाड झिजलेले असते. जोडाखाली इंटरडेंटल ब्रश (दातांमधल्या फटी साफ करण्याचा बारीक ब्रश) जाईल एवढी जागा प्रयोगशाळेतच ठेवावी लागते.

कोकणात मशेरी व तंबाखू हे हाडाचे मोठे शत्रू. कडक सुपारी फोडण्याने दातांवरच्या पोर्सेलीनचे (चिनी मातीच्या थराचे) टवके उडतात. अनेक चाकरमान्यांचे काम मुंबईत झालेले असते आणि तक्रार गणपतीत किंवा शिमग्याला गावी उद्भवते. प्रत्येक कंपनीचा स्क्रू आणि चावी निराळी. म्हणून कंपनी, व्यास, लांबी व स्क्रूचा प्रकार लिहिलेले कार्ड रुग्णाजवळ असणे आवश्यक. ते नसल्यास रत्नागिरी वा कणकवलीच्या दंतवैद्याला पूल कापूनच काढावा लागू शकतो.