कुकर उतरल्यानंतरचे दोन तास

पुण्यात खोली घेऊन राहणाऱ्या बऱ्याच मुलामुलींचा स्वयंपाक रविवारी संध्याकाळी सुरू होतो, कारण तेव्हा मेस बंद असते. गॅस पेटवलाच आहे तर दोन-तीन दिवसांचं करून ठेवू, हा विचार तिथूनच सुचतो, आणि विचार उत्तम आहे. अर्धा किलो छोले एकदाच शिजवायला लागणारा गॅस आणि वेळ हा चार वेळा मूठमूठ शिजवण्यापेक्षा कितीतरी कमी असतो. पण पाककृती सांगणारे शिजवण्याबद्दल भरभरून बोलतात आणि गॅस बंद झाला की थांबतात. भरपूर केलेलं अन्न बिघडतं ते बहुतेक वेळा त्याच्यापुढे. म्हणून या लेखात मला शिजवण्यापेक्षा निवण्याबद्दल जास्त बोलायचं आहे.

आधी शिजवण्यातल्या दोन-तीन गोष्टी. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे उघड्या पातेल्यातलं पाणी 98 अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं. कुकरमध्ये दाब वाढतो आणि तापमान 120 अंशांजवळ जातं, म्हणून तासांचं काम मिनिटांवर येतं. कडधान्याच्या पेशी पेक्टिननं एकमेकींना चिकटलेल्या असतात. ते पेक्टिन विरघळलं की दाणा मऊ होतो. पाण्यातलं कॅल्शियम पेक्टिनला घट्ट करतं, म्हणून बोअरच्या जड पाण्यात छोले हट्टानं कडक राहतात. टोमॅटो-चिंचेचा आंबटपणाही तेच करतो, तेव्हा टोमॅटो दाणे शिजल्यावरच घालावा. रात्री भिजवताना पाण्यात चमचाभर मीठ टाकलं तर सोडियम थोड्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल लवकर नरम पडते. सोड्यानंही कडधान्य मऊ होतं, पण त्यात थायमिन हे ब जीवनसत्त्व बरंचसं नष्ट होतं. आणि भरपूर करायचं म्हणून कुकर गळ्यापर्यंत भरू नका. डाळी-कडधान्यं फेस धरतात, तो शिटीच्या भोकात अडकतो. पाण्यासकट निम्म्याच्या वर जायचं नाही.

राजम्याबद्दल मात्र नीट सांगायला हवं. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं एक विषारी प्रथिन असतं, आणि अर्धवट शिजलेले चार-पाच दाणेसुद्धा काही तासांत उलट्या-जुलाब सुरू करू शकतात. ते नष्ट व्हायला खळखळ उकळी लागते, निदान दहा मिनिटं, अर्धा तास तर उत्तम. 80 अंशांवर तासन्‌तास ठेवलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त विषारी ठरल्याचं आढळलं आहे. हॉस्टेलवर गॅस नसतो, तेव्हा काही जण इलेक्ट्रिक किटलीत सगळं शिजवायला बघतात. किटली उकळी येताच आपोआप बंद होते. तिच्यात राजमा करू नका. कुकरमध्ये तो पूर्ण सुरक्षित होतो, फक्त भिजवलेलं पाणी फेकून द्या.

आता गॅस बंद झाला आहे, छोल्यांत मसाला पडला आहे, वरून कोथिंबीर भुरभुरली आहे. कुकरच्या तापमानाला जंतू मेले, त्यांचे बीजाणूही, म्हणजे वाईट काळ काढायला जंतू घेतात ती कडक कवचाची झोपलेली रूपं, बरेचसे मेले. पण काही जंतूंचे बीजाणू साध्या उकळीला दाद देत नाहीत, आणि नंतर घातलेल्या मसाल्यातून, कोथिंबिरीतून, डावावरून नवे येतच असतात. अन्न 60 अंशांच्या वर किंवा 5 अंशांच्या खाली असेल तर त्यांचं फारसं काही चालत नाही. मधला पट्टा त्यांचा. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा जंतू मोठ्या भांड्यातल्या अन्नासाठी कुप्रसिद्ध आहे, कारण त्याला प्राणवायू नको असतो आणि उकळीनं रश्श्यातला प्राणवायू हाकलून दिलेला असतो. मटण-चिकनचा रस्सा त्याला विशेष मानवतो, पण घट्ट कडधान्यातही तो वाढतो. 43 ते 47 अंशांच्या दरम्यान, परिस्थिती अनुकूल असेल तर, तो दहा मिनिटांच्या आत दुप्पट होऊ शकतो. दहा मिनिटंच धरा: एकाचे दोन तासांत 4,096 होतात आणि तीन तासांत 2,62,144. म्हणजे धोका किती याचं उत्तर तुमचे छोले त्या पट्ट्यातून किती वेगानं खाली उतरतात यावर ठरतं.

इथे भांड्याचा आकार निर्णायक होतो. पातळ सार ढवळलं जातं, त्यात गरम भाग वर आणि गार भाग खाली असं अभिसरण चालतं. घट्ट छोले जागचे हलत नाहीत. आतली उष्णता फक्त वहनानं, थरामागून थर ओलांडत बाहेर येते. अशा पदार्थात निवायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अर्धा किलो छोल्यांचे रश्श्यासकट अडीचेक लिटर होतात आणि पाच लिटरच्या कुकरमध्ये त्यांचा साधारण 8 सेंटीमीटरचा थर बसतो. तो 4 सेंटीमीटरवर आणला, तर आतली उष्णता बाहेर यायचा वेळ निम्म्यावर न थांबता चौथ्या हिश्शापर्यंत उतरतो. त्यामुळे कुकर झाकण लावून ओट्यावर ठेवून झोपून जाणं ही सगळ्यात वाईट सवय आहे. वरचा थर सकाळी गार लागतो, मधला भाग मध्यरात्रीपर्यंत कोमट होता हे कळायला काही मार्ग नसतो.

करायचं ते सोपं आहे. छोले तीन-चार पसरट स्टीलच्या डब्यांत काढा, झाकणं अर्धवट ठेवा आणि डबे परातीत किंवा टबात गार पाणी घालून त्यात ठेवा. पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या वीसपटीहून जास्त आहे, आणि स्टीलचा पत्रा पातळ असल्यामुळे मध्ये फारसं काही अडत नाही. पाणी कोमट झालं की बदला, मधूनमधून स्वच्छ चमच्यानं ढवळा. घरी दूध गार करायला आई हेच करत असते. हाताला डबा गार लागला की फ्रिजमध्ये. हे सगळं दोन तासांच्या आत आटपायचं. शिजवलेलं अन्न यापेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नका, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. ‘गरम वस्तू फ्रिजमध्ये ठेवू नये’ हे आपण लहानपणापासून ऐकतो. अख्खा वाफाळता कुकर छोट्या फ्रिजमध्ये कोंबला तर शेजारचं दूध तापतं, तेवढ्यापुरतं ते बरोबर आहे. पण पूर्ण गार व्हायची वाट बघत रात्रभर बाहेर ठेवणं त्याहून धोक्याचं.

भाताची गोष्ट वेगळी आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. तांदळावर बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू असतातच. भात शिजला तरी ते टिकतात, भात ओट्यावर राहिला की उगवतात आणि सेर्युलाइड नावाचं विष तयार करतात. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये चिनी उपाहारगृहांतला फ्राइड राइस खाऊन लोकांना उलट्या होऊ लागल्या, तेव्हा या विषाचा माग लागला. तिथे आदल्या दिवशी भरपूर भात शिजवून तो बाहेरच ठेवत, कारण फ्रिजमधल्या भाताची ढेकळं होतात, आणि दुसऱ्या दिवशी तो परतत. परतताना जंतू मरत होते. विष मरत नव्हतं, कारण सेर्युलाइड 121 अंशांवर दीड तास तापवलं तरी टिकतं. आपला फोडणीचा भात म्हणजे नेमकी हीच कृती आहे. शिवाय या विषाला वास नाही, चव नाही. वरण विटलं, आमटीला तार आली, की नाक सांगतं; इथे नाक काहीच सांगत नाही.

म्हणून फोडणीचा भात सोडायचा का? मुळीच नाही. भात शिजल्यावर ताटात पातळ पसरा, वाफ जाऊ द्या, तासाभरात झाकून फ्रिजमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी संपवा. गार भातातल्या स्टार्चचे रेणू पुन्हा जवळ येऊन रांगेत बसतात, दाणा टणक आणि सुटा होतो, ढेकळं बोटांनी मोडतात. फोडणीला असाच भात लागतो. गरम केल्यावर त्या रांगा बऱ्याचशा मोडतात आणि दाणा पुन्हा मऊ होतो.

पोळ्यांतही स्टार्चचं हेच होतं, आणि ते सगळ्यात वेगानं फ्रिजच्याच तापमानाला होतं. म्हणून फ्रिजमधली पोळी दुसऱ्या दिवशी चामट लागते. जास्तीच्या पोळ्या फ्रीजरमध्ये ठेवल्या आणि थेट तव्यावर टाकल्या तर खूपच चांगल्या राहतात. छोले, राजमा, डाळ, परतलेला कांदा-टोमॅटो मसाला हेही फ्रीजरमध्ये छान टिकतं. बटाटा मात्र बिघडतो, बर्फाचे स्फटिक त्याच्या पेशी फाडतात आणि फोड भुसभुशीत होते. एक लक्षात ठेवा: जुन्या एकदारी फ्रिजमधला बर्फाचा कप्पा उणे 18 अंशांपर्यंत जात नाही, तेव्हा त्याच्यावर महिनाभराची भिस्त ठेवू नये. साध्या फ्रिजच्या कप्प्यात छोल्यांचे तीन दिवस धरा.

आणि ज्यांच्याकडे फ्रिजच नाही त्यांनी ओल्या अन्नाचा साठा करूच नये. त्यांच्यासाठी मेतकूट, थालीपिठाची भाजणी, शेंगदाण्याची चटणी, दाण्याचं कूट आहे. जंतूंना वापरता येईल असं पाणीच त्यांत जवळपास नसतं, म्हणून ती आठवडेच्या आठवडे टिकतात. अट एकच, ओला चमचा घालायचा नाही.

साठवलेला डबा बाहेर काढला की लागेल तेवढंच पातेल्यात घ्या, थोडं पाणी घाला आणि मधोमध बुडबुडे येईपर्यंत उकळा; नुसतं कोमट करणं म्हणजे जंतूंना परत त्यांच्या पट्ट्यात नेऊन सोडणं. फोडणी मात्र रविवारी घालून ठेवू नका. जिरं, हिंग, कढीपत्ता, लसूण यांचा सुगंध उडून जाणाऱ्या तेलांत असतो आणि प्रत्येक उकळीबरोबर तो थोडाथोडा जातो. डाळ साधी शिजवून साठवा आणि रोज जेवायला बसताना लोखंडी पळीत चमचाभर तेल तापवून वरून ताजी फोडणी द्या. तीन दिवसांत तीच डाळ एकदा लसणाची होते, एकदा हिंग-जिऱ्याची, एकदा लाल मिरचीची.