कात्रजच्या धारेवर पडलेले दोन थेंब

मुलांनो, कात्रजच्या जुन्या घाटात बोगदा आहे ना, त्याच्या वरची डोंगराची धार डोळ्यांसमोर आणा. पाऊस चालू आहे. एक थेंब धारेच्या उत्तरेला पडला, दुसरा वीतभर दक्षिणेला. उत्तरेचा थेंब भिलारेवाडीकडे उतरून आंबील ओढ्यात येतो. तिथून मुठा, मुळा-मुठा आणि मग भीमा. दक्षिणेचा शिंदेवाडीकडे घरंगळतो. शिवगंगा, गुंजवणी, नीरा अशी त्याची वाट. या दोघांची गाठ पुन्हा पडते ती थेट नीरा नरसिंहपूरला, जिथे नीरा भीमेला मिळते. तुकोबांची आणि ज्ञानोबांची पालखी पुण्यातून वेगळ्या वाटांनी निघून वाखरीला भेटते, तसंच हे.

पाणी असं वाटून देणाऱ्या धारेला जलविभाजक म्हणतात. धारेच्या अलीकडच्या ज्या ज्या जमिनीवरचं पाणी उतरत उतरत आंबील ओढ्यात येतं, ती सगळी त्या ओढ्याचं पाणलोट क्षेत्र. त्यात कात्रजचे डोंगर आहेत, तशीच धनकवडीतली एखादी गच्ची, सहकारनगरातला रस्ता आणि शाळेचं मैदानही आहे. म्हणून ओढा समजून घ्यायचा, तर आधी त्याच्या काठापासून लांब, वर बघायला हवं.

आता एक हिशेब करा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. मग एक चौरस किलोमीटरवर नुसता 10 मिलिमीटर पाऊस झाला, तर? एक कोटी लिटर!

एवढं पाणी जातं कुठे? डोंगरावर माती आणि गवत असेल, तर बरंचसं मुरतं. आपल्याकडचा खडक काळा बेसॉल्ट, लाव्हा थंड होऊन बनलेला. अखंड बेसॉल्ट पाणी फारसं पीत नाही; पण त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमात ते साठतं आणि सावकाश झिरपत राहतं. काँक्रीटवर मात्र मुरायला जागाच नसते. सगळं पाणी एकदम ओढ्याकडे धावतं. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री प्रचंड पाऊस झाला आणि आंबील ओढा अरण्येश्वर, सहकारनगर भागात घरांत शिरला. माणसं दगावली. पाऊस जोराचा होताच, पण ओढ्याचं पात्र भिंतींनी आणि बांधकामांनी आवळलेलं नसतं, तर पाण्याला पसरायला जागा मिळाली असती, असं मला ठामपणे वाटतं.

याच ओढ्याचं पाणी अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला अडवलं. वरच्या तळ्यात गाळ खाली बसायचा, निवळलेलं पाणी खालच्या तळ्यात यायचं आणि तिथून जमिनीखालच्या नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत पोचायचं. पंप नाही, वीज नाही. सगळी करामत उताराची. कात्रज पेठांपेक्षा उंचावर आहे, हे त्या कारागिरांनी नेमकं हेरलं होतं.

आज दांडेकर पुलावरून भर उन्हाळ्यात ओढ्यात जे पाणी दिसतं, ते बहुतेक घराघरांतलं सांडपाणी असतं. ओढ्याचं स्वतःचं पाणी बघायचं असेल, तर पाऊस संपल्यावर, दिवाळीच्या सुमारास, मोठ्या माणसांबरोबर डोंगराच्या पायथ्याशी जा. तिथे मुरमातून पाझर दिसला, तर तो पावसाळ्यात मुरलेल्या पाण्याचा. मग घरी आल्यावर आपल्या गच्चीचा पाइप कुठे उतरतो आणि ते पाणी पुढे कोणत्या ओढ्याला जातं, तेही शोधून काढा.