सर्व्हरला दोन कार्डं असली की नाव का हरवतं

आयपी पत्त्याला (यंत्राच्या आकड्यांतल्या पत्त्याला) पिंग केलं, म्हणजे हाक मारून पाहिली, तर उत्तर येतं, नावाला केलं तर येत नाही. सर्व्हरमध्ये दुसरं नेटवर्क कार्ड बसवलं की ही तक्रार हमखास येते. केबल बदलून होते, कॅशे, म्हणजे साठवलेली जुनी उत्तरं, साफ करून होते, रिबूट होतो. त्यानंतर कधी चालतं, कधी नाही. बिचाऱ्या कार्डाकडे संशयाने पाहिलं जातं, पण हा घोळ कार्डापेक्षा खूप जुना आहे.

इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या जाळ्याच्या काळात सगळ्या यंत्रांची नावं आणि पत्ते एकाच फाइलमध्ये असत. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कच्या एसआरआय संस्थेत एलिझाबेथ फाइन्लर यांचा गट ती होस्ट्स फाइल सांभाळायचा आणि बाकीचे ती उतरवून घ्यायचे. एका यंत्राला दोन पत्ते असणं तेव्हाही नवं नव्हतं. फाइलच्या रचनेतच एका नावापुढे अनेक पत्ते लिहायची सोय होती. नावांची यादी मात्र सगळ्यांसाठी एकच. गावातल्या कुणालाही पाटलांचा वाडा विचारा, सगळे एकाच दिशेला बोट दाखवतील, तसा तो काळ होता.

१९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसची, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेची, रचना मांडली. यादीचे तुकडे होऊन ती अनेक सर्व्हरांवर पसरली, पण मूळ समजूत तीच राहिली: कोणत्याही सर्व्हरला विचारा, उत्तर एकच येणार. बर्कलीच्या युनिक्समध्ये नाव कुणाला विचारायचं ते सांगणारी जी रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ फाइल आली, तिच्यात ही समजूत आजही दिसते. तिथे जास्तीत जास्त तीन नेमसर्व्हर (नावाचा पत्ता सांगणारे सर्व्हर) लिहिता येतात आणि ते सगळ्या यंत्राचे असतात. कोणता नेमसर्व्हर कोणत्या कार्डाचा, हे लिहायला जागाच नाही. पहिला सर्व्हर ५ सेकंद गप्प राहिला तर दुसऱ्याला विचारायचं. पण पहिल्याने ‘असं नाव अस्तित्वात नाही’ असं सांगितलं, तर विषय संपला. दुसऱ्याला कुणी विचारतच नाही.

इथे बरेच जण फसतात. पहिल्या ओळीत बाहेरचा नेमसर्व्हर आणि दुसऱ्या ओळीत ऑफिसचा लिहिला की एकाला नाही सापडलं तर दुसरा शोधेल, असं त्यांना वाटतं. दुसरा असतो तो पहिला बंद पडला तर कामी यावा म्हणून. पहिल्याच्या उत्तरावर शंका घेणं हे त्याचं काम नाही.

अनेक कार्डांच्या यंत्रांचा विचार झालाच नव्हता, असं मात्र नाही. ऑक्टोबर १९८९ च्या आरएफसी ११२२ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारे क्रमांकित दस्तऐवज) अशा यंत्रांवर स्वतंत्र विभाग आहे. सोबतच्या ११२३ मध्ये असंही सुचवलंय की एका नावाचे अनेक पत्ते मिळाले तर आपल्याला थेट जोडलेल्या जाळ्याकडे पाहून ते क्रमाने लावावेत. म्हणजे सापडलेल्या पत्त्यांतला कोणता घ्यायचा, हा प्रश्न हाताळला गेला होता. मुळात विचारायचं कुणाला, हा प्रश्न कुणाला पडला नाही, कारण तेव्हा तो नव्हताच.

तो आला खासगी जाळ्यांबरोबर. फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ ने १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी नक्की केले. कंपन्यांनी आत एक डीएनएस आणि बाहेर दुसरा ठेवायला सुरुवात केली. एकच नाव आत एक पत्ता देऊ लागलं, बाहेर दुसरा, किंवा काहीच नाही. आता प्रत्येक कार्डापलीकडे वेगळं गाव होतं आणि दोन्ही गावांत पाटलांचा वाडा होता. त्यात यंत्रांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीची भर पडली. दोन्ही कार्डांना आपोआप पत्ता मिळत असेल तर ज्याचा पत्ता शेवटी येतो तो रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ नव्याने लिहून मोकळा होतो. रिबूटनंतर कधी चालतं, कधी नाही, त्यामागे बऱ्याचदा एवढंच असतं.

विंडोजने वेगळी वाट धरली. तिथे प्रत्येक कार्डाला स्वतःची डीएनएस यादी असते. पण विंडोज २००० मध्ये ॲक्टिव्ह डिरेक्टरी (कंपनीतले वापरकर्ते आणि यंत्रं यांची मध्यवर्ती नोंदवही) आली आणि लॉगिनसकट सगळं डीएनएसवर विसंबलं, तेव्हा नवीच अडचण उभी राहिली. सर्व्हर आपले पत्ते डीएनएसमध्ये स्वतःच नोंदवू लागला आणि सगळ्या कार्डांचे नोंदवू लागला. बॅकअपसाठी घातलेल्या, बाकी कुणाला पोचता न येणाऱ्या कार्डाचा पत्ताही त्यात गेला. क्लायंटच्या, म्हणजे सर्व्हरशी जोडू पाहणाऱ्या यंत्राच्या, वाट्याला तो पत्ता आला की लॉगिन रखडतं. आणि पत्ते आळीपाळीने पुढे येत असल्यामुळे सकाळी एकाचं रखडतं, दुपारी दुसऱ्याचं. डोमेन कंट्रोलरला (लॉगिन तपासणाऱ्या या सर्व्हरला) दोन कार्डं देऊ नका असं जुनी मंडळी बजावतात, ते उगीच नाही. द्यावंच लागलं तर त्या दुसऱ्या कार्डाच्या डीएनएस सेटिंगमध्ये पत्ता नोंदवण्याची खूण काढायची आणि डीएनएसमधल्या जुन्या नोंदी हाताने पुसायच्या. निव्वळ खूण काढून नोंदी तशाच ठेवल्या तर दुखणं चालूच राहतं.

पुढे विंडोज ८ पासून सगळ्या कार्डांवरच्या डीएनएसना एकाच वेळी विचारायची पद्धत आली. उत्तर लवकर मिळू लागलं, पण व्हीपीएनच्या, म्हणजे कंपनीच्या जाळ्यात नेणाऱ्या सुरक्षित वाटेच्या, आतली नावं बाहेरच्या सर्व्हरलाही कळू लागली. हा सौदा मला कधीच पटला नाही. ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे विंडोजच्या प्रशासकीय नियमांतून, ती पद्धत बंद करता येते.

खरं उत्तर त्यामानाने उशिरा आलं: नावाची शेपटी, म्हणजे शेवटचा डोमेनचा भाग, पाहून कोणत्या सर्व्हरला विचारायचं ते ठरवणं. डिसेंबर २०१२ च्या आरएफसी ६७३१ मध्ये हा विचार आहे. विंडोजमध्ये तो विंडोज ७ बरोबर नियमांच्या तक्त्याच्या रूपात आला होता. लिनक्सवर सिस्टमडी रिझॉल्व्हडी या नावं शोधणाऱ्या सेवेने प्रत्येक कार्डाचे नेमसर्व्हर आणि डोमेन वेगळे ठेवले. फेडोरा या लिनक्सने २०२० मध्ये आवृत्ती ३३ पासून ही सेवा नेहमीची केली. अशा यंत्रावर रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ उघडली की बहुधा १२७.०.०.५३ एवढाच, म्हणजे त्याच यंत्रावरच्या या सेवेचा, पत्ता दिसतो आणि नवखा माणूस गोंधळतो. खरी यादी ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ ही कमांड दाखवते, कार्डागणिक वेगळी. आधी डिग या डीएनएसला प्रश्न विचारणाऱ्या कमांडला नेमसर्व्हरचा पत्ता देऊन एकेकाला तोच प्रश्न विचारावा. मग प्रोग्रामांप्रमाणे नाव शोधणारी ‘गेटएंट होस्ट्स’ ही कमांड चालवून पाहावी, कारण डिग यंत्रावरची होस्ट्स फाइल बघत नाही आणि प्रोग्राम सहसा बघतात. या उत्तरांत जिथे फरक पडेल, तिथून शोध सुरू करायचा.