वेस्टमिन्स्टरने उभारले, वेस्टमिन्स्टरनेच मोडले : इंग्लंडमधील प्रादेशिक कारभाराची पार्श्वभूमी

स्कॉटलंडला 1999 पासून स्वतःची संसद आहे. वेल्स आणि उत्तर आयर्लंडलाही विधिमंडळे आहेत. ब्रिटनची सुमारे 84 टक्के लोकसंख्या मात्र इंग्लंडमध्ये राहते आणि तिला वेस्टमिन्स्टरखेरीज, म्हणजे लंडनमधल्या ब्रिटिश संसदेखेरीज, दुसरे विधिमंडळ नाही. संसद आणि स्थानिक कौन्सिल यांच्यामध्ये एखादी पातळी हवी, हे बहुतेक सरकारांना पटत आले. ती कशी असावी यावर मात्र हुजूर आणि मजूर पक्षांचे कधी जमले नाही. त्यामुळे 1965 पासून ही मधली पातळी चारदा उभी राहिली आणि तीनदा मोडली. मोडायला दरवेळी सरकारी आदेश किंवा संसदेतले साधे बहुमत पुरले. तिला संरक्षण देणारी लिखित राज्यघटना ब्रिटनमध्ये नाही.

कल्पना तशी जुनीच. शहरे वाढत एकमेकांत मिसळली की त्यांचा विचार एकत्रच करावा लागतो, हे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मांडले होते. (हेच गेडिस 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग उभारायला आले. गोविंद सदाशिव घुर्ये त्यांचे विद्यार्थी.) पुढे 1939 मध्ये नागरी संरक्षणासाठी देशाचे प्रदेश पाडून त्यांवर आयुक्त नेमले गेले. प्रदेशांच्या सीमा प्रशासनाच्या सोयीने आखायची ही सवय युद्ध संपल्यावरही सुटली नाही.

या साऱ्यात खरी कळ आहे ती घरांची. 1947 च्या नगर नियोजन कायद्याने जमीन मालकाकडेच ठेवली, पण तिच्यावर बांधायचे तर स्थानिक कौन्सिलची परवानगी सक्तीची केली. नगररचनाकार ॲबरक्रॉम्बी यांच्या 1944 च्या आराखड्याने लंडनभोवती बांधकामाला आवर घालणारा हरित पट्टा आखला आणि 1955 नंतर असे पट्टे इतर शहरांभोवतीही आले. शहरात माणसे मावेनात. नवी घरे शहराबाहेर बांधावीत, तर बाहेरच्या कौंटीतले (म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या भागातले) मतदार त्याला तयार नसत. हा वाद मिटवायला दोघांच्या वर कोणीतरी लागतो, आणि तो वरचा कोणी म्हटला की दोघांनाही तो परकाच वाटतो.

पहिला प्रयोग मजूर पक्षाचा. जॉर्ज ब्राऊन यांच्या अर्थव्यवहार खात्याने 1965 मध्ये प्रादेशिक आर्थिक नियोजन परिषदा नेमल्या. त्यांना सल्ला देण्यापलीकडे अधिकार नव्हता. 1979 मध्ये हुजूर पक्षाच्या थॅचर सरकारने त्या बंद केल्या, तेव्हा फारसे कोणी हळहळले नाही.

दुसरा प्रयोग याहून वजनदार होता. 1969 मध्ये रेडक्लिफ-मॉड आयोगाने बहुतेक इंग्लंडमध्ये एकस्तरीय कौन्सिले आणि त्यांच्या वर आठ प्रांत सुचवले. पुढच्याच वर्षी सत्तापालट झाला. हुजूर पक्षाच्या हीथ सरकारने प्रांतांची कल्पना सोडून दिली आणि 1 एप्रिल 1974 पासून द्विस्तरीय रचना आणली : वर कौंटी, खाली डिस्ट्रिक्ट. मँचेस्टर, लिव्हरपूल, बर्मिंगहॅम, लीड्स, शेफील्ड आणि न्यूकॅसल या शहरांभोवती सहा महानगर कौंट्या झाल्या. लंडनला 1965 पासून ग्रेटर लंडन कौन्सिल होतीच. 1981 च्या निवडणुकांत ही सातही ठिकाणे मजूर पक्षाकडे गेली. लंडनमध्ये कौन्सिलचे नेते केन लिव्हिंगस्टन यांनी बस-रेल्वेचे भाडे उतरवले, आणि टेम्स नदीपलीकडच्या संसदेला दिसेल अशा बेताने कौंटी हॉलच्या छपरावर बेरोजगारांचा आकडा झळकवला. भाडेकपात हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, बेकायदा ठरवली. कौन्सिलचा निकाल थॅचर यांनी लावला : 31 मार्च 1986 रोजी लंडनसह सातही संस्था बरखास्त झाल्या. खर्च आणि दुहेरी कारभार ही कारणे दिली गेली. ती अगदीच खोटी नव्हती, पण समोरच्या छपरावरचा तो आकडा नसता तर एवढी घाई झाली असती असे वाटत नाही.

1994 मध्ये मेजर सरकारने प्रदेशवार सरकारी कार्यालये उघडली. ती मंत्रालयाचीच शाखा होती. त्यांच्याच सीमांवर मजूर पक्षाच्या ब्लेअर सरकारने 1999 पासून विकास संस्था बसवल्या. नैऋत्य प्रदेश ग्लॉस्टरशरपासून थेट सिली बेटांपर्यंत पसरलेला. या दोन टोकांच्या माणसांना एकमेकांविषयी आपुलकी वाटावी असे काहीच नव्हते. लंडनला 1998 च्या जनमतानंतर निवडून दिलेला महापौर मिळाला. आपल्याकडच्या महापौरासारखा हा मानाचा धनी नाही, प्रत्यक्ष कारभार करणारा आहे. मे 2000 मध्ये त्या जागी अपक्ष म्हणून कोण निवडून आले? तेच लिव्हिंगस्टन.

बाकीच्या प्रदेशांना निवडून आलेल्या विधानसभा द्याव्यात, हा उपपंतप्रधान जॉन प्रेस्कॉट यांचा ध्यास. सुरुवात ईशान्येपासून करायचे ठरले. न्यूकॅसल-डरहॅमचा हा भाग स्कॉटलंडचा शेजारी, मजूर पक्षाचा बालेकिल्ला आणि स्वतःची ओळख जपणारा. इथे जमले नाही तर कुठेच जमणार नव्हते. पण देऊ केलेल्या विधानसभेकडे ना शाळा होत्या, ना रुग्णालये, ना पोलीस. विकास, घरे आणि नियोजन यांची धोरणे आखणे एवढेच काम. शिवाय तिच्यासाठी कौंटी आणि डिस्ट्रिक्ट यांतली एक पातळी रद्द करावी लागणार होती. विरोधकांनी फुगवलेला भलामोठा पांढरा हत्ती गावोगाव फिरवला. आणखी राजकारणी, आणखी खर्च, एवढाच त्यांचा मुद्दा. त्या मोहिमेतले एक डोके डॉमिनिक कमिंग्ज होते, जे बारा वर्षांनी ब्रेक्झिटच्या मोहिमेत देशाला ठाऊक झाले. 4 नोव्हेंबर 2004 रोजी निकाल लागला : जवळपास 78 टक्के लोकांनी ‘नाही’ म्हटले. वायव्य आणि यॉर्कशरमधली नियोजित जनमते सोडून द्यावी लागली. गंमत म्हणजे, लोकांना धास्ती होती ती डिस्ट्रिक्ट कौन्सिले जाण्याची, आणि 2009 मध्ये डरहॅम आणि नॉर्थंबरलंडमधली डिस्ट्रिक्टे सरकारने जनमत न घेताच रद्द केली.

विधानसभा फसली, प्रादेशिक नियोजन मात्र राहिले. 2004 च्याच एका कायद्याने कौंट्यांचे जुने आराखडे काढून प्रत्येक प्रदेशासाठी एक रणनीती आणली. कोणत्या भागात किती घरे बांधायची हे त्या रणनीतीत ठरू लागले. म्हणजे लोकांनी नाकारलेल्या पातळीवर, लोकांनी न निवडलेल्या मंडळींनी, लोकांना सर्वांत झोंबणारा आकडा ठरवायचा. दक्षिणेतल्या हुजूर कौंट्यांत यावर रान पेटले नसते तरच नवल.

2010 मध्ये हुजूर पक्षाच्या नेतृत्वाखालचे आघाडी सरकार येताच मंत्री एरिक पिकल्स यांनी जुलैत एका फटक्यात सर्व प्रादेशिक रणनीती रद्द केल्या. विंचेस्टरजवळ बार्टन फार्मवर 2,000 घरे बांधू पाहणारी काला होम्स ही कंपनी न्यायालयात गेली, आणि नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने सांगितले की संसदेने कायद्याने आणलेली संपूर्ण व्यवस्था मंत्र्याला असा आदेश काढून गुंडाळता येत नाही. सरकारने मग 2011 च्या लोकॅलिझम कायद्याने रीतसर अधिकार घेतला आणि एकेक रणनीती मोडीत काढली. सरकारी कार्यालये 2011 मध्ये बंद झाली, विकास संस्था 2012 मध्ये. प्रादेशिक आकड्यांच्या जागी शेजारच्या कौन्सिलांनी आपसात ‘सहकार्य करण्याचे कर्तव्य’ आले. ज्यांचे मुळातच पटत नाही त्यांना पटवून घ्या म्हणण्यासारखेच ते. अपेक्षेप्रमाणे काही कौन्सिलांचे आराखडे या एका मुद्द्यावर आराखडे तपासणाऱ्या सरकारी निरीक्षकांनी परत पाठवले.

दरम्यान मँचेस्टरमध्ये निराळेच घडत होते. 1986 मध्ये महानगर कौंटी गेली तरी तिथल्या दहा कौन्सिलांनी स्वेच्छेने एक संघ ठेवला. विमानतळ त्यांच्या सामायिक मालकीचा होता, ट्राम एकत्र चालवायची होती. पंचवीस वर्षे अशी सवय जडल्यावर 1 एप्रिल 2011 रोजी तिचेच संयुक्त प्राधिकरण झाले. सगळे गोडीगुलाबीने झाले असे नाही. 2008 मध्ये वाहतूक कोंडीवरचा कर दहाही भागांतल्या मतदारांनी उडवून लावला होता, आणि 2012 च्या जनमतात मँचेस्टर शहराने थेट निवडलेला महापौरही नाकारला. तरी नोव्हेंबर 2014 मध्ये अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी मँचेस्टरच्या नेत्यांशी करार केला : अधिकार घ्या, पण सगळ्या महानगराचा एक महापौर निवडा. या वेळी जनमत घेतले नाही. ईशान्येचा धडा दोन्ही बाजूंना पाठ होता.

मे 2017 मध्ये अँडी बर्नहॅम तिथे निवडून आले. 1986 मध्ये खुल्या बाजाराच्या हवाली केलेल्या बस त्यांनी टप्प्याटप्प्याने सार्वजनिक नियंत्रणाखाली आणल्या आणि जानेवारी 2025 मध्ये ते काम पूर्ण झाले. पिवळ्या बस रस्त्यावर दिसू लागल्या आणि महापौर काय करतो हे कोणाला समजावून सांगायची गरज उरली नाही. 2004 मध्ये प्रेस्कॉट यांच्याकडे दाखवायला असे काहीच नव्हते. ज्या ईशान्येने तेव्हा नकार दिला, तिनेही मे 2024 मध्ये टीज व्हॅलीचा भाग वगळून बाकीच्या प्रदेशासाठी एक महापौर निवडला. किम मॅकगिनेस तिथे आल्या.

घरांच्या आकड्यावर मात्र मँचेस्टरही अडखळले. दहा कौन्सिलांच्या एकत्र आराखड्याचा पहिला मसुदा 2016 मध्ये आला आणि हरित पट्ट्यातल्या जमिनींवरून ओरड झाली. डिसेंबर 2020 मध्ये स्टॉकपोर्टने अंग काढून घेतले, आणि उरलेल्या नऊ जणांचा आराखडा मंजूर व्हायला मार्च 2024 उजाडले.

मजूर पक्षाच्या स्टार्मर सरकारने एका संसदेच्या मुदतीत 15 लाख घरांचे लक्ष्य ठेवले आणि डिसेंबर 2024 मध्ये कौन्सिलांचे आकडे पुन्हा सक्तीचे केले. त्याच महिन्यातल्या श्वेतपत्रिकेने साऱ्या इंग्लंडमध्ये महापौरांची पातळी पसरवण्याचे ठरवले. 2025 च्या नियोजन कायद्याने मोठ्या क्षेत्रासाठी एकत्र विकास रणनीती करणे देशभर बंधनकारक केले. म्हणजे पिकल्स यांनी रद्द केलेली गोष्ट नाव बदलून, लहान सीमांत, परत आली आहे. फरक एवढाच की बहुतेक ठिकाणी तिच्यावर सही करणारा माणूस निवडून आलेला असेल. आणि मे 2025 मध्ये ग्रेटर लिंकनशर आणि हल-ईस्ट यॉर्कशर या महापौरपदाच्या दोन नव्या जागा सरकारच्या पक्षाला नव्हे, उजव्या विचारांच्या रिफॉर्म यूके पक्षाला मिळाल्या आहेत.