घरगुती सांडपाण्याचा पुनर्वापर

अंघोळ, धुणी आणि भांडी यांसाठी वापरून मोरीतून वाहून जाणारे पाणी कमी खर्चाच्या उपायांनी निवळून झाडांना घालणे, शौचालयात ओतणे किंवा जमिनीत मुरवणे, याला घरगुती सांडपाण्याचा पुनर्वापर म्हणतात. शौचालयातील मैलापाणी यात धरत नाहीत आणि बाळाची दुपटी धुतलेले पाणीही त्यातून वगळणेच योग्य. मोरीच्या तोंडाशी अळू, कर्दळ किंवा केळ लावण्याची परसातील जुनी रीत हे याचेच साधे रूप होय. मात्र त्या काळी भांडी राखेने घासली जात, तर आजच्या पाण्यात साबणचुऱ्यातील, जमिनीला बाधणारा सोडियम असतो, हा फरक लहान नाही.

घरोघरी नळाने पाणी देण्यासाठी २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण ठरवले. त्यातील सुमारे दोन तृतीयांश पाणी सांडपाणी होते असे धरल्यास, पाच माणसांच्या घरातून रोज १८० लिटरच्या आसपास पाणी बाहेर पडते. नळ घरात आला, पण गटाराची सोय झाली नाही, अशा गावांत हेच पाणी रस्त्यावर साचते आणि त्यात क्युलेक्स डास वाढतात.

शुद्धीकरणाचा पहिला टप्पा सर्वांत स्वस्त असूनही सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. खरकटे आणि तेलकट साय अडवणारी छोटी टाकी नसेल, तर पुढची गाळणी काही आठवड्यांतच तुंबते. ही टाकी नियमित उपसावी लागते. त्यानंतर पाणी दगड, खडी आणि वाळू यांच्या थरांतून किंवा खडीत लावलेल्या कर्दळ, पाणकणीस यांच्या वाफ्यातून नेतात. वाफ्यात पाण्याची पातळी खडीच्या खालीच ठेवतात, म्हणजे डासांना जागा मिळत नाही. मुळांभोवतीचे जिवाणू सेंद्रिय घाण पचवतात. निवळलेले पाणीही साठवून ठेवू नये, कारण एखाद्या दिवसातच त्याला दुर्गंधी सुटू लागते.

नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने युनिसेफच्या सहकार्याने मध्य प्रदेशातील धार आणि झाबुआ जिल्ह्यांतील आश्रमशाळांमध्ये अशी यंत्रणा उभारली. तेथे अंघोळीचे पाणी गाळून शौचालयांसाठी वापरण्यात आले. पाण्याअभावी बंद पडणाऱ्या शौचालयांवरचा हा नेमका उपाय होता. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी हे गाव पाणी जमिनीत मुरवणाऱ्या घरोघरच्या शोषखड्ड्यांमुळे डासमुक्त म्हणून प्रसिद्धीस आले. अर्थात शोषखड्ड्यातून पाणी थेट वापरायला मिळत नाही, ते भूजलात जाते, त्यामुळे खड्डा विहिरीपासून दूर घ्यावा लागतो. काळ्या चिकणमातीत पाणी मुरतच नसल्याने तेथे वाफाच बरा.

निवळलेल्या पाण्यातही रोगजंतू उरतात. म्हणून ते फवारत नाहीत, झाडांच्या बुंध्याशी सोडतात. केळी, नारळ, शेवगा यांना ते चालते, पण कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या कोथिंबीर-मुळ्याच्या वाफ्यांना ते देत नाहीत.