402 मधून 178 गेले, उरले किती?

अप्पा बळवंत चौकाजवळ झेरॉक्सच्या रांगेत पुढच्या मुलीच्या हातात बी.एड.चं कृतिसंशोधन होतं, स्पायरल बाइंडिंगसाठी. कृतिसंशोधन म्हणजे शिक्षकाने आपल्याच वर्गातल्या अडचणीवर उपाय करून तो तपासणं. पूर्वचाचणी, उपक्रम, उत्तरचाचणी, टी-मूल्य (दोन चाचण्यांतला फरक योगायोगाचा नाही ना, हे पाहण्याचा आकडा) आणि शेवटी ‘उपक्रम परिणामकारक ठरला’. असे ढीगभर प्रकल्प मी तपासले आहेत. उपक्रम फसल्याचं एकातही वाचलं नाही, आणि याचंच मला वाईट वाटतं. फसलेल्या फेरीतूनच तर कृतिसंशोधन पुढे जातं.

कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने 1946 च्या लेखात ते गोल जिन्यासारखं मांडलं: योजना, कृती, पडताळणी आणि पुन्हा योजना. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या गृहिणींनी प्राण्यांचं हृदय, मूत्रपिंड असे एरवी न खाल्ले जाणारे भाग शिजवावेत म्हणून त्याने काही गटांना व्याख्यान दिलं, काहींना चर्चा करून स्वतः ठरवू दिलं. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी 3 टक्के स्त्रियांनी नवा पदार्थ करून पाहिला, स्वतः ठरवलेल्यांपैकी 32 टक्क्यांनी. पुणे जिल्ह्यात शिक्षणतज्ज्ञ चित्रा नाईक यांनी 1979 पासून याच पद्धतीने काम केलं, दिवसा राबणाऱ्या मुलांसाठी संध्याकाळचे वर्ग घेऊन.

आता चौथीचा वर्ग घ्या. 402 वजा 178. मुलं लिहितात 376. आपण आणखी दहा गणितं देतो. त्याऐवजी विचारा, कसं केलंस? “दोनातून आठ जात नाहीत, म्हणून आठातून दोन घेतले.” म्हणजे पोरगं धांदरट नाही, ते एक चुकीचा नियम इमानाने पाळतंय. दहा गणितांनी तोच नियम पक्का होणार.

पहिली फेरी: काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे. 52 वजा 28 जमतं, 402 अडतं. आता उत्तर येतं 274! नवी चूक, म्हणजे नवी माहिती. दशकाच्या घरात शून्य, म्हणून मुलांनी शतकाकडून थेट एककाला दहा दिले आणि दशकात पुन्हा जुना नियम वापरला. टी-मूल्यात हे दिसत नाही.

दुसरी फेरी मुलांनाच ठरवू द्या. शंभराचा मोठा गठ्ठा सोडला, दहाचे दहा निघाले. त्यातला एक सोडून सुट्या काड्या दोनात मिसळल्या. एक मुलगी दशकाच्या घरात उरलेल्या गठ्ठ्यांवर बोट ठेवत म्हणाली, “बाई, हे नऊ इथेच राहिले की!”