जीमेलच्या पत्त्यातील टिंब: एक खुलासा
जीमेलचे खाते नव्याने उघडणाऱ्यांच्या मनात एक समज वर्षानुवर्षे घर करून आहे: आपल्या पत्त्यातले टिंब लिहायचे राहिले, तर तो दुसऱ्याच कुणाचा पत्ता होतो आणि आपली पत्रे, कागदपत्रे त्या परक्या माणसाच्या हाती पडतात. वस्तुस्थिती तशी नाही. ‘जीमेल.कॉम’ने संपणाऱ्या पत्त्यात ‘ॲट’ या चिन्हाआधीची टिंबे गूगल मोजतच नाही, त्यामुळे ‘कोकण.मेवा’, ‘कोकणमेवा’ आणि ‘को.कण.मेवा’ (पत्ता अर्थातच रोमन लिपीत असतो) हे एकच खाते ठरते आणि यांपैकी एक रूप कुणी घेतले की उरलेली रूपे इतर कोणालाही मिळत नाहीत. गूगल ड्राइव्हवरची फाइल यांपैकी कोणत्याही रूपावर शेअर केली, तरी ती त्याच खात्यात पोहोचते. मग परक्याच्या नावाचे विजेचे बिल आपल्या इनबॉक्समध्ये का येते? बहुधा त्या गृहस्थाने स्वतःचा पत्ता सांगताना एखादा आकडा किंवा अक्षर गाळलेले असते. टिंब बिचारे निर्दोष असते. कार्यालयाच्या वा शाळेच्या स्वतःच्या डोमेनवरील (म्हणजे ‘ॲट’नंतर ‘जीमेल.कॉम’ऐवजी संस्थेचे नाव असलेल्या) खात्यांत मात्र टिंब मोजले जाते.